परवान्याचे शुल्क आणि हक्काची किंमत

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात राहणारा आणि रात्रपाळी संपवून पहाटे घरी परतणारा एखादा रुग्णालयातील परिचर, आणि त्याच शहरातील एखादा सधन जवाहिऱ्या, हे दोघे अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दृष्टीने समान नागरिक आहेत. वाटमारीची भीती दोघांनाही आहे. किंबहुना परिचराच्या वस्तीत ती अधिक आहे. परंतु स्वसंरक्षणासाठी कपड्याआड पिस्तूल बाळगण्याची कायदेशीर परवानगी मिळविण्याचा प्रश्न आला, की ही समानता संपते. तेथून पुढे हिशेब सुरू होतो तो डॉलरांचा, तासांचा आणि कागदपत्रांचा. अमेरिकेतील शस्त्रविषयक वादाची चर्चा बहुधा ‘बंदी की मुभा’ या दोन टोकांभोवतीच फिरते. या दोन टोकांच्या मधोमध दडलेला प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही: राज्यसंस्थेला जे उघडपणे नाकारता येत नाही, ते तिने महाग करून नाकारावे काय?

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १७९१ मधील दुसऱ्या घटनादुरुस्तीने अमेरिकन नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला. तथापि तो हक्क व्यक्तीचा की संघटित नागरी सेनेचा, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ पर्यंत दिला नव्हता. न्यूयॉर्क राज्याने तर १९११ मध्येच सुलिव्हन कायदा करून पिस्तुलाला परवाना आवश्यक केला, आणि १९१३ पासून ते लपवून बाळगण्यासाठी ‘सबळ कारण’ दाखविण्याची अट घातली. सर्वसाधारण भीती हे सबळ कारण मानले जात नसे. इतरांहून वेगळा असा धोका अर्जदाराला सिद्ध करावा लागे. साहजिकच परवाना रोकड घेऊन हिंडणाऱ्या व्यापाऱ्याला मिळे, निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला मिळे, प्रतिष्ठिताला मिळे. सामान्याला क्वचितच मिळे. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रुएन’ खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ही अट घटनाबाह्य ठरविली. ज्याला हक्क म्हणायचे, तो बजावण्यासाठी नागरिकाने विशेष गरज सिद्ध करण्याचे कारण नाही, हा त्या निकालाचा गाभा होय.

नव्या अटींचे जाळे

निकालानंतर अवघ्या आठवड्याभरात न्यूयॉर्कने नवा कायदा केला. सबळ कारणाची अट गेली. तिच्या जागी दुसऱ्या अनेक आल्या. सोळा तासांचे वर्गातील आणि दोन तासांचे प्रत्यक्ष गोळीबाराचे प्रशिक्षण, चारित्र्याची ग्वाही देणाऱ्या चार व्यक्तींची नावे, घरात राहणाऱ्या प्रौढ व्यक्तींचा तपशील आणि अधिकाऱ्यापुढे मुलाखत, अशी ही यादी आहे. समाजमाध्यमांवरील तीन वर्षांच्या खात्यांची माहिती देण्याची अटही तीत होती. ती न्यायालयांनी रोखली. न्यूयॉर्क शहरात अर्जाचे शुल्क ३४० डॉलर आहे आणि बोटांच्या ठशांचे सुमारे ८८ डॉलर निराळे. परवाना तीन वर्षांचा. मुदत संपली की नूतनीकरण आलेच.

या आकड्यांचा अर्थ पगाराच्या पावतीशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहरातील किमान वेतन ताशी साडेसोळा डॉलर होते. म्हणजे केवळ अर्ज व ठसे यांसाठीचे ४२८ डॉलर ही किमान वेतनावरील कामगाराची सुमारे सव्वीस तासांची कमाई झाली. प्रशिक्षणाचे अठरा तास त्याला बुडीत रजेवरच काढावे लागणार. शिक्षकाचे शुल्क, काडतुसे आणि खुद्द पिस्तूल यांचा खर्च वेगळाच. अर्थशास्त्रात वस्तूच्या किमतीत वेळेची किंमत धरतात ती याचसाठी. ज्याचा पगार महिन्याला ठरलेला आहे त्याची सुटी भरपगारी असते; ज्याची मजुरी तासावर आहे त्याची प्रत्येक फेरी खिशाला चाट लावून जाते.

आणि एवढे करून परवाना हाती आला तरी तो कोठे चालतो? टाइम्स स्क्वेअर, उद्याने, नाट्यगृहे आणि मद्य मिळणारी ठिकाणे या कायद्याने वर्ज्य केली आहेत. भुयारी रेल्वे आणि सार्वजनिक बसगाड्याही वर्ज्य आहेत. गर्दीच्या डब्यात सुटलेली गोळी किती अनर्थ करील याचा विचार केला तर हा निर्बंध समजण्याजोगा आहे. परंतु त्याचा परिणाम असा, की स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्या जवाहिऱ्याला परवान्याचा उपयोग बऱ्याच अंशी होतो, आणि पहाटेच्या गाडीने जाणाऱ्या परिचराच्या परवान्याची किंमत स्थानकाच्या पायऱ्यांशी येऊन संपते.

शेजारच्या न्यू जर्सीतही हाच प्रकार घडला. तेथे डिसेंबर २०२२ च्या कायद्याने परवान्याचे शुल्क ५० डॉलरांवरून २०० डॉलरांवर नेले आणि शस्त्रधारकाने दायित्वाचा विमा उतरवावा अशी अट घातली. विम्याची ही अट संघीय जिल्हा न्यायालयाने २०२३ मध्ये रोखली. कॅलिफोर्नियात काही ठिकाणी मानसिक तपासणी, प्रशिक्षण आणि स्थानिक शुल्के यांची बेरीज हजार डॉलरांच्या घरात जाते. पैशाखेरीज विलंब हीदेखील एक किंमतच आहे. लॉस एंजलिस परगण्याच्या शेरीफ खात्याने परवान्याचे अर्ज महिनोन्‌महिने पडून ठेवले असा आरोप करीत संघीय न्याय खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये दावा दाखल केला. खात्याने आरोप नाकारले आहेत. पण हक्काच्या अर्जावर केवळ मौन पाळूनही नकार देता येतो, हे या वादाने पुढे आणले.

मर्जीचा बाजार

शुल्काऐवजी अधिकाऱ्याच्या विवेकावर सारे सोपवावे, असे काहींना वाटेल. जुनी पद्धत तीच होती, आणि तिचे फळ सर्वज्ञात आहे. १९५६ मध्ये माँटगोमेरी येथे राहत्या घरावर बाँब टाकला गेल्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला. त्यांच्याहून सबळ कारण त्या काळच्या अलाबामात दुसऱ्या कोणापाशी असेल, असे वाटत नाही. अलीकडची उदाहरणेही बोलकी आहेत. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस परवाना विभागातील काही अधिकाऱ्यांवर लाच घेऊन परवाने मार्गी लावल्याबद्दल खटले झाले आणि त्यांपैकी काहींनी गुन्हा कबूलही केला. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्याच्या शेरीफवर परवाने देताना देणगीदारांना व बड्यांना झुकते माप दिल्याचा ठपका ज्यूरीने २०२२ मध्ये ठेवला. परमिटांचे राज्य अनुभवलेल्या भारतीय वाचकाला यात नवल वाटू नये. एखादी गोष्ट दुर्मीळ करावी, ती देणे एका माणसाच्या सहीवर ठेवावे, आणि मग त्या सहीला भाव येऊ नये अशी अपेक्षा धरावी, हे कोठल्याच देशात घडलेले नाही. सिमेंट असो की पिस्तूल, टंचाईचे शास्त्र एकच असते.

परवाना परवडत नाही म्हणून जो विनापरवाना पिस्तूल बाळगतो, त्याचे काय होते? न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार घराबाहेर भरलेले पिस्तूल विनापरवाना बाळगणे हा गंभीर गुन्हा असून त्याला सर्वसाधारणपणे किमान साडेतीन वर्षांची कैद आहे. २०२१ मध्ये ब्रुएन खटल्यात एक अनपेक्षित निवेदन सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ते गरीब आरोपींची बाजू लढविणाऱ्या न्यूयॉर्कमधील वकिलांचे होते. बंदूकवाद्यांशी ज्यांचे एरवी जमत नाही अशा या मंडळींनी सांगितले, की या कायद्याखाली तुरुंगात जाणारी त्यांची अशिले जवळजवळ सारी कृष्णवर्णीय किंवा लॅटिनवंशीय आहेत. कायद्याच्या एका बाजूला शुल्काची खिडकी आणि दुसऱ्या बाजूला कोठडीचे दार असेल, तर कोण कोठे जाणार हे बऱ्याच अंशी खिसाच ठरवितो.

दुसरे टोक

मग परवानाच नको, असा मार्ग अनेक राज्यांनी पत्करला आहे. व्हरमाँटमध्ये परवान्याची अट कधीच नव्हती. अलास्काने ती २००३ मध्ये, टेक्ससने २०२१ मध्ये, फ्लोरिडाने २०२३ मध्ये काढून टाकली. २०२४ अखेर अशा राज्यांची संख्या एकोणतीस झाली. टेक्ससने तर त्याआधीच, २०१७ मध्ये, शुल्क १४० डॉलरांवरून ४० डॉलरांवर आणले होते. येथे गरिबाच्या खिशावरील भार नाहीसा झाला हे खरे. पण त्याबरोबर प्रशिक्षण आणि परवान्याच्या वेळची छाननीही गेली. भार काढताना चाळणीच फेकून दिली गेली.

याची किंमत कोण मोजतो? २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या आणि सुमारे एकवीस हजार खून. कपड्याआडच्या पिस्तुलांमुळे गुन्हे घटतात, हा अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांचा १९९० च्या दशकातील दावा फार गाजला. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ मध्ये उपलब्ध पुराव्यावरून असा निष्कर्ष निघत नसल्याचे सांगितले. २०१९ मध्ये जॉन डोनोह्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की शस्त्र बाळगण्याची सढळ मुभा देणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे अपेक्षेहून तेरा ते पंधरा टक्क्यांनी अधिक आढळतात. हा वाद संपलेला नाही. तथापि अधिक पिस्तुले म्हणजे अधिक सुरक्षितता, हे समीकरण सिद्ध झालेले नाही एवढे निश्चित. आणि जी वस्ती भीतीने सर्वाधिक ग्रासलेली असते, तिच्याच अंगणात चुकार गोळ्याही सर्वाधिक पडतात.

म्हणूनच जड शुल्काच्या समर्थकांचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. ते म्हणतात, कारखान्याच्या धुरावर जसा कर बसवावा तसा समाजाला धोका निर्माण करणाऱ्या शस्त्रावरही बसवावा. तत्त्व बरोबर आहे. लागू करण्याची जागा चुकते. धुरावरील कर धूर सोडणाऱ्याकडून वसूल होतो. परवान्याचे शुल्क मात्र रांगेत उभे राहून बोटांचे ठसे देणाऱ्याकडून वसूल होते. चोरीचे पिस्तूल खरेदी करणारा दरोडेखोर त्या खिडकीकडे फिरकतही नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार आहे. शिवाय शुल्क ही योग्यतेची परीक्षा नव्हे. तापट आणि मद्यपी श्रीमंताला ते अडवीत नाही. संयमी आणि निष्कलंक गरिबाला अडविते.

पन्नास राज्यांच्या पन्नास नियमांनी हा गुंता अधिकच वाढतो. पेनसिल्व्हेनियाचा परवाना न्यू जर्सी मानीत नाही. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडताच कायदेशीर शस्त्रधारक गुन्हेगार ठरू शकतो. एका राज्याचा परवाना सर्वत्र चालावा असे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले. सिनेटमध्ये ते अडले. न्यू जर्सीत नोकरीनिमित्त तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या हजारो भारतीयांना, आणि त्यांत मराठी कुटुंबेही आलीच, संघीय कायदा काही अपवाद वगळता शस्त्र बाळगूच देत नाही. ज्या समाजात शेजाऱ्यापाशी शस्त्र असू शकते तेथे राहायचे, पण तो हक्क आपला नव्हे, अशी त्यांची स्थिती आहे.

परीक्षा हवी, लिलाव नको

ब्रुएन निकाल लिहिणारे न्यायमूर्ती थॉमस यांनी एका तळटीपेत सूचित करून ठेवले आहे, की दीर्घ विलंब किंवा अवाजवी शुल्क यांमुळे सामान्य नागरिकाचा हक्क हिरावला जात असेल तर त्यालाही आव्हान देता येईल. याउलट न्यूयॉर्कचे ३४० डॉलरांचे शुल्क २०१३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने वैध ठरविले होते. या संदर्भात आणखी एक जुना निकाल आठवतो. व्हर्जिनियात मतदानासाठी दीड डॉलर कर भरावा लागे; १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मताचा हक्क संपत्तीवर अवलंबून असू शकत नाही, असे त्या वेळी ठरले. मतपत्रिका आणि पिस्तूल यांत अर्थातच महदंतर आहे. मतपत्रिकेने शेजाऱ्याचा प्राण जात नाही. म्हणून पिस्तुलाला परीक्षा हवी आणि ती कडकच हवी. परंतु परीक्षा आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ करणे हीच दोन्ही पक्षांची चूक आहे.

यातून वाट नाही असे नाही. प्रशिक्षण सक्तीचे असावे, पण ते सार्वजनिक खर्चाने मिळावे. पूर्वचरित्राची छाननी काटेकोर असावी, पण निर्णयाला ठरावीक मुदत असावी. नकार द्यायचा तर तो कारणे लिहून द्यावा आणि त्यावर अपील करता यावे. शुल्क प्रत्यक्ष खर्चाहून अधिक नसावे आणि अल्प उत्पन्नाच्या अर्जदाराला त्यात सूट असावी. यासाठी सरकारी तिजोरीतून पैसे द्यावे लागतील, आणि करदाता कुरकुर करील. त्याने ती अवश्य करावी. शस्त्र हा प्रत्येकाचा हक्क आहे असे ज्या समाजाने ठरविले, त्याला त्या हक्काचा खर्च खरोखर किती, हे या निमित्ताने तरी कळेल. आणि तो परवडत नसेल तर हक्काचाच फेरविचार उघडपणे करावा लागेल.

आज तो फेरविचार होत नाही, कारण बिल भलत्याच माणसाच्या हाती दिलेले आहे. काही राज्यांत ते खिडकीपाशी उभ्या असलेल्या रात्रपाळीच्या परिचराकडून वसूल होते. काही राज्यांत ते त्याच परिचराच्या रुग्णालयात, जखमींच्या खाटांवर चुकते होते.