चार अक्षरांत मावणारा माणूस?

कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस जवळ आले की मोबाईलवर व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या फिरू लागतात. काही प्रश्नांची उत्तरं द्यायची, की आपण सोळांपैकी कुठल्या प्रकारचे ते चार इंग्रजी अक्षरांत कळतं. मग कुणी ती अक्षरं इन्स्टाच्या बायोत टाकतं. कुणी सेमिनारची पाळी आली की "मी इंट्रोव्हर्ट आहे, मला नाही जमणार" म्हणून मोकळं होतं.

या चार अक्षरांची मूळ चाचणी कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार करायला घेतली. तिला आधार होता स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या 'सायकॉलॉजिकल टाइप्स' या ग्रंथाचा. पण युंग यांचं म्हणणं या चाचणीत अर्धंच उरलं, असं मला वाटतं. त्यांच्या मते निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख माणूस नसतोच. दोन्ही बाजू प्रत्येकात असतात. जी आपण वापरत नाही ती आत कच्चीच राहते आणि नको त्या वेळी उसळून वर येते. म्हणजे प्रकार कळला की खरं काम सुरू होतं. सेमिनार टाळणाऱ्याने पाच मिनिटं तरी बोलून बघावं, आणि सतत घोळक्यात असणाऱ्याने तासभर एकटं बसून बघावं.

युंग यांचे आणखी दोन शब्द नोकरीच्या जगात कामाचे आहेत. पहिला 'पर्सोना', म्हणजे मुखवटा. मुलाखतीला आपण इस्त्रीचे कपडे घालतो, जपून बोलतो. त्यात खोटेपणा काही नाही, मुखवट्याशिवाय चारचौघांत वावरता येत नाही. पण दशावतारातला राजासुद्धा पहाटे नाटक संपलं की रंग पुसतो. लिंक्डइनवरचा सदा यशस्वी, सदा उत्साही चेहरा आपण कधी पुसतो का?

दुसरा शब्द 'शॅडो', म्हणजे सावली. स्वतःत जे मान्य करवत नाही ते आपण दुसऱ्यावर टाकतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे आपल्या आज्या सांगत आल्या आणि शुभवर्तमानातही तेच आहे. युंग स्वतः एका पाळकाचे चिरंजीव होते. ग्रुप प्रोजेक्टमधला जो मित्र आपल्याला "फार पुढे पुढे करतो" म्हणून खुपतो, त्याच्यासारखं पुढे यायची इच्छा आपल्यातच दबून राहिली नाही ना, हे एकदा तपासावं.

युंग यांच्या कितीतरी कल्पना प्रयोगशाळेत सिद्ध करता येत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय मन खरोखर खचलं असेल तर समुपदेशकाकडेच जावं. अशा वेळी लेख वाचून भागत नाही. पण म्हणूनच चार अक्षरांवर माणसाची किंमत ठरू नये. ती मूळ चाचणी विकणारी कंपनीसुद्धा सांगते, की नोकरभरतीत उमेदवार निवडायला ती वापरू नका.

प्लेसमेंटच्या तयारीत चाचणी जरूर घ्या. फक्त तिच्या शेवटी एक प्रश्न जोडा: तुला जे जमत नाही असं तू म्हणतोस, त्यातलं काय या सत्रात करून बघशील?