जुळ्या नावांच्या फायली आणि तेजसचे सुटे भाग

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सची तेजसची तिसरी उत्पादन लाइन सुरू झाली आणि तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने त्याच दिवशी उड्डाण केले. बंगळूरुतील दोन लाइनांची क्षमता वर्षाला १६ विमानांची, नाशिकची ८ विमानांची. मागणी आहे १८० विमानांची : फेब्रुवारी २०२१ च्या कराराची ८३ आणि सप्टेंबर २०२५ च्या कराराची ९७. उशिराची चर्चा मुख्यतः अमेरिकेहून येणाऱ्या एफ४०४ इंजिनांवर केंद्रित राहिली, आणि ते रास्तच आहे. परंतु उत्पादन असे पसरू लागले की आणखी एक प्रश्न उभा राहतो. त्याची बातमी कधी होत नाही, कारण तो फार क्षुल्लक दिसतो. तो प्रश्न आहे फायलींच्या नावांचा.

तेजसचा पुढचा सांगाडा बंगळूरुची डायनामॅटिक टेक्नॉलॉजीज करते, मधला हैदराबादची व्हेम टेक्नॉलॉजीज, मागचा बंगळूरुची अल्फा टोकॉल, तर पंख कोइंबतूरला लार्सन अँड टुब्रोकडे होतात. अशा मोठ्या कंपन्यांच्या मागे लहान कारखान्यांची लांब रांग असते. आमच्या बनशंकरीहून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने निघाले की त्याच गाडीने पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत उतरता येते; तेथे असे कारखाने गल्लोगल्ली आहेत. कधी ना कधी मोठा ग्राहक त्यांना सांगतो, की आता ड्रॉइंगे आणि त्रिमिती नमुने साध्या फोल्डरांत ठेवून चालणार नाही, डेटा व्यवस्थापनाची प्रणाली घ्या. प्रणाली विकत घेतली जाते, वर्षानुवर्षांचा साठा तिच्यात ओतायला सुरुवात होते, आणि पहिल्याच दिवशी पडद्यावर इशारा झळकतो : या नावाची फाइल आधीच अस्तित्वात आहे.

असे होणे स्वाभाविक आहे. दहा वर्षांत पाच अभियंत्यांनी आपापल्या प्रकल्पात ‘ब्रॅकेट’, ‘बेसप्लेट’ किंवा ‘कव्हर’ या नावाचा भाग काढलेला असतो. कागदाच्या काळात हे घडत नसे. ड्रॉइंग ऑफिसात एक नोंदवही असे, तिच्यातून पुढचा क्रमांक घेतल्याशिवाय नवा कागद फळ्यावर चढत नसे, आणि ती वही सांभाळणाऱ्या कारकुनाशी वाद घालण्याची मुख्य अभियंत्याचीही छाती नसे. संगणक आले, प्रत्येक जण आपापल्या फायलीचा नामकरणकर्ता झाला, आणि ती वही गेली.

इशारा आला की सोपी वाट समोरच असते. सॉलिडवर्क्स पीडीएममध्ये जुळ्या नावांना मुभा द्यायची की नाही हे व्यवस्थापक ठरवू शकतो. ऑटोडेस्क व्हॉल्टमध्येही नाव एकमेव असण्याची सक्ती चालू वा बंद ठेवता येते. बहुतेकांचा कल सक्ती बंद ठेवण्याकडे असतो. फोल्डर वेगळे आहेत, मग नाव एक असले तर काय बिघडले, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

हा युक्तिवाद बंगळूरुकरांना पटावा असाच आहे. पाचवा क्रॉस येथे प्रत्येक वसाहतीत असतो. रिक्षावाला ‘कोणता स्टेज?’ एवढे विचारतो आणि काम भागते. पण तो विचारतो, ही गोष्ट महत्त्वाची. जोडणीची फाइल असे विचारतेच असे नाही. तिच्यात सुट्या भागांचे आकार साठवलेले नसतात. असतात ते त्या भागांच्या फायलींचे संदर्भ, म्हणजे नाव आणि ठिकाण. सॉलिडवर्क्समध्ये त्याच नावाची दुसरी फाइल स्मृतीत आधीपासून उघडी असेल, तर जोडणी तीच उचलू शकते. फोल्डर हलवले, पुरवठादाराकडून सगळे एकत्र बांधून आले, तर ठिकाण बदलते आणि शोध नावावरच येऊन ठेपतो. भोकांचे अंतर दोन मिलिमीटरनी निराळे असलेला जुना ‘ब्रॅकेट’ नव्या जोडणीत निमूट जाऊन बसतो. चूक उघड झाली तर भाग भंगारात जातो. विमानाच्या कामात मात्र उघड न झालेल्या चुकीची भीती अधिक.

एअरबसने यापेक्षा थोरल्या गोंधळाची किंमत मोजली आहे. २००६ साली ए-३८० विमानात हॅम्बुर्गहून आलेले तारांचे जुडगे तुलूझला बसेनात, कारण दोन्हीकडे कॅटिया या एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या पिढ्या वापरात होत्या. तो घोळ नावांचा नव्हता. पण दोन गावे एकाच विमानाची दोन चित्रे बघत राहिली, हे साम्य ओझर आणि बंगळूरु या जोडीने दुर्लक्षू नये.

आपल्या देशाने हा प्रश्न एकदा फार सुंदर रीतीने सोडवला आहे, आणि सोडवणारा माणूस मराठी होता. एकाच नावाची अनेक गावे, त्यात पत्ते नाना लिप्यांत लिहिलेले. यावर डाक खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा अंकी पिन कोड योजला आणि तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. बनशंकरी दुसरा स्टेज ५६००७० आणि तिसरा स्टेज ५६००८५, म्हणून दोन्हीकडच्या पाचव्या क्रॉसची पत्रे आपापल्या घरी पोहोचतात. गावाचे नाव कोणी बदलले नाही. ओळख पटवण्याचा भार तेवढा नावावरून अंकावर गेला.

फायलींचेही तसेच व्हावे. फाइलचे नाव म्हणजे केवळ अनुक्रमांक; ‘ब्रॅकेट’ हे वर्णन प्रणालीतील माहितीच्या रकान्यात. अंकांतच ग्राहक, प्रकल्प, धातू कोंबण्याचा मोह अनेकांना होतो, आणि पिनचा पहिला अंकही विभाग सांगतोच की, असे ते म्हणतील. पण गाव जागेवरून हलत नाही. भाग मात्र एका प्रकल्पातून दुसऱ्यात जातो, आणि मग त्याचा अर्थपूर्ण क्रमांक खोटे बोलू लागतो.

जुना साठा सगळाच्या सगळा आत ओतण्याची गरजही नसते. चालू कामांपुरता आणावा, बाकीचा केवळ वाचण्यापुरता बाहेर ठेवावा, लागेल तसा क्रमांक देऊन आत घ्यावा. आणण्यापूर्वी चेकसम काढला की नाव आणि मजकूर दोन्ही एक असलेल्या फायली यंत्रच वेगळ्या करते. त्यांतील एक ठेवून बाकीच्यांचे संदर्भ तिच्याकडे वळवायचे. नाव एक पण मजकूर निराळा, ही खरी अवघड रास. तेथे कोणता ‘ब्रॅकेट’ खरा, हे सॉफ्टवेअर विकणारा सांगू शकत नाही, संगणक विभागही नाही. ज्याने तो काढला, किंवा ज्याने यंत्रावर तो घडवला, त्यालाच ते ठाऊक. आणि नाव बदलायचे ते प्रणालीच्या किंवा आरेखनाच्या सॉफ्टवेअरच्या आतूनच, म्हणजे संदर्भही सोबत बदलतात. बाहेरून बदलले की जोडणी पोरकी होते. सक्ती आरंभीच चालू करावी, कारण नंतर लावली तरी आत शिरलेली जुळी आपोआप सुटत नाहीत.

या निवडण्याला अनुभवी माणसांचे दिवस लागतात, आणि लहान कारखान्यात अनुभवी माणूस म्हणजे बहुधा तोच, ज्याच्या सहीशिवाय माल बाहेर पडत नाही. प्रणालीचा आग्रह धरणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी हे दिवस आपल्या करारात मोजावेत, त्यांचे दाम द्यावेत आणि तेवढ्या काळापुरती मालाची मुदत सैल करावी. आज दरपत्रकात सॉफ्टवेअरच्या परवान्याची रक्कम दिसते, प्रशिक्षणाची दिसते. नावे निवडण्याच्या कामाला तेथे ओळसुद्धा नसते.