लॅपटॉप आपला, सॉफ्टवेअर कुणाचं?

भायखळ्याहून लॅमिंग्टन रोड चालत जाण्याइतका जवळ. साबू सिद्दीकमध्ये शिकणारी मुलं, मदनपुऱ्यातले डीटीपीवाले, नागपाड्यातले हिशेबनीस, यांतल्या कित्येकांचा पहिला कॉम्प्युटर तिथूनच येतो आणि तो जुना असतो. कुठल्यातरी कंपनीने वापरून काढून टाकलेला लॅपटॉप, त्यात विंडोज आणि ऑफिस ‘टाकून’ दिलेलं. दुकानदार सांगतो, ओरिजिनल आहे, ॲक्टिव्हेट केलंय. आपण दोन्हींचा अर्थ एकच समजतो. तसा तो नसतो.

लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज त्या लॅपटॉपलाच बांधलेलं असतं. लॅपटॉप विकला की लायसन्सही नव्या मालकाकडे जातं, पण सुटं काढून दुसरीकडे नेता येत नाही. वेगळं विकत घेतलेलं रिटेल विंडोज पहिल्या खरेदीदाराला दुसऱ्या कुणाला देता येतं. मात्र स्वतःच्या मशीनवरून ते काढावं लागतं. तिसरा प्रकार व्हॉल्यूम लायसन्सचा. तो करार कंपनीच्या नावावर असतो, लॅपटॉप भंगारात निघाला म्हणून आपल्या नावावर होत नाही. काही शे रुपयांत मिळणारी ‘की’ पुष्कळदा यातलीच. आज चालते, उद्या बंद पडली तर दाद कुठे मागणार? वार्षिक सबस्क्रिप्शनमध्ये तर मुदत संपल्यावर विकायला काही उरतच नाही.

इथवर चूक विकणाऱ्याची वाटेल. पण कंपन्यांचं ‘आम्ही विकत नाही, फक्त वापरायला देतो’ हे म्हणणंही मला मुकाट्याने मान्य नाही. कायमच्या वापराचे पूर्ण पैसे एकदाच घ्यायचे आणि मालकी द्यायची नाही, हा कसला सौदा? आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली अशी तरतूद आली की प्रत आधी विकली गेली असली, तरी पुढच्या विक्रीचा हक्क सॉफ्टवेअरच्या मालकाकडेच राहील. १९९९च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. २ मार्च २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने ‘इंजिनिअरिंग ॲनालिसिस’ खटल्यात या बदलाची दखल घेतली. मात्र तो वाद आयकराचा होता. करारात मनाई असताना तुम्ही-आम्ही वापरलेलं सॉफ्टवेअर विकावं का, हा प्रश्न तिथे थेट नव्हता. युरोपच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ला ‘यूजसॉफ्ट’ खटल्यात तो सोडवला: कायमचं लायसन्स पुढे विकता येतं, डाउनलोड केलेलं असलं तरी; फक्त विकणाऱ्याने आपली प्रत बाद करायची. इतकी स्पष्टता आपल्या कायद्यातही हवी, आणि ती वकिलांनी मागेपर्यंत थांबायचं कारण नाही. जुन्या मालावर धंदा उभा करणारी माणसं आपल्याच मोहल्ल्यांत आहेत.

त्याच माणसांना एक सांगणं. मालातला ऐब लपवून विकू नये, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. लायसन्स नसणं हाही ऐबच आहे, डोळ्यांना दिसत नाही इतकंच.

घेणाऱ्याने बिलावर लायसन्सचा प्रकार लिहून मागावा. विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि बरेच जुने लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत, तेही आधी तपासावं. दुकानदार लिहून द्यायला का-कू करत असेल, तर विंडोजचे पैसे किमतीतून कापायला सांगा आणि उबुंटू व लिब्रेऑफिस टाकून घ्या. लिब्रेऑफिसमध्ये मराठी मेनूही आहे, आणि पुढे लॅपटॉप विकताना दोन्ही तसंच देता येतं.