स्थलांतरितांचा वारसा : महामारीने शिकविलेला धडा

करंजाडे हे नाव उच्चारले की आज डोळ्यांसमोर उभ्या राहतात त्या उंच इमारती. परंतु या वसाहतीची खरी ओळख तिच्या माणसांत आहे. नवी मुंबई विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर यांसह दहा गावांतील ग्रामस्थांना आपली घरे सोडावी लागली. त्यांतील अनेक कुटुंबे वडघर-करंजाडे परिसरात स्थिरावली. त्यांच्या शेजारी कोकणातून, घाटावरून, केरळातून, गोव्यातून, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे भाड्याने किंवा स्वतःच्या सदनिकेत राहत आहेत. दिनांक 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या भूमीवर तो उभा आहे तेथील गावांच्या आठवणी मात्र कोठे जतन झाल्या आहेत, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

हा प्रश्न केवळ करंजाडेचा नाही. गाव सुटले की माणूस देव्हारा, भाषा, सण आणि स्वयंपाक सोबत नेतो आणि नव्या ठिकाणी मंडळ स्थापन करून ते जपू पाहतो. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 साली स्थापन झाले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर 1932 पासूनचे. अशा संस्थांचा सारा व्यवहार एकत्र येण्यावर उभा असतो. गणेशोत्सव, संक्रांत, नाटक, पंगत, रविवारची मराठी शाळा यांतील एकही गोष्ट एकट्याने करावयाची नसते. म्हणूनच मार्च 2020 मध्ये कोविडमुळे जग घरात बंद झाले, तेव्हा या संस्थांच्या मुळावरच घाव बसला.

त्यांनी काय केले? बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन बरीच वर्षे विषम वर्षांत भरत असे. 2019 चे अधिवेशन डॅलसला झाले. 2021 मध्ये अ‍ॅटलांटिक सिटी येथे भरावयाचे अधिवेशन पुढे ढकलावे लागले व ते ऑगस्ट 2022 मध्ये पार पडले. त्यानंतरचे 2024 साली सॅन होजे येथे झाले. मराठी शाळांचे वर्ग संगणकाच्या पडद्यावर आले, गणेशोत्सवाची आरतीही घरोघरी पडद्यावरच झाली.

याच काळात न्यूयॉर्कमधील टेनेमेंट म्युझियम या संस्थेचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. 1988 साली स्थापन झालेले हे संग्रहालय स्थलांतरित कुटुंबे ज्या जुन्या चाळवजा इमारतींत राहत, त्याच खोल्या दाखवून त्यांची कहाणी सांगते. तिकिटांचे उत्पन्न थांबताच संस्था अडचणीत आली आणि 2020 मध्ये सत्तरहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकावे लागले. संस्थेने दूरस्थ सहली सुरू केल्या. पण पाहुण्यांना ती कहाणी समोर उभे राहून सांगणारे बहुतेक मार्गदर्शक त्या कपातीत गेले.

या दोन उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. मराठी मंडळे प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. सभागृहाचे भाडे वाचले आणि काम घरातून चालू राहिले. ज्या संस्थेचा डोलारा तिकीट व वेतन यांवर उभा होता, ती मात्र खचली. अर्थात स्वयंसेवेलाही मर्यादा आहेत. पडद्यावरच्या वर्गात दूरच्या गावचे मूल सामील होऊ शकले, ही मोठी जमेची बाजू. परंतु ज्या आजी-आजोबांना संगणक हाताळता येत नव्हता, ते वर्तुळाबाहेर राहिले. वारसा ज्यांच्या मुखी होता तेच श्रोत्यांपासून दुरावले, आणि त्यांतील काही जण महामारीने कायमचे नेले.

आपल्याकडचा अनुभव याहून कठोर होता. मे 2020 मध्ये पनवेल स्थानकातून श्रमिकांच्या विशेष गाड्या सुटल्या. त्याच महिन्याच्या 8 तारखेला औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपलेले 16 श्रमिक मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. ज्यांनी आपल्या इमारती उभ्या केल्या त्यांची नावे, गावे, भाषा आपल्याला ठाऊक नव्हती. ते निघून गेल्यावर त्यांचा शोध घ्यावयास आपल्यापाशी साधी यादीदेखील नव्हती. ज्याची ओळख जपली जात नाही त्याला संकटकाळी मदत पोहोचविणेही कठीण जाते. वारसा ही केवळ हौस नाही, असे म्हणावयाचे ते यासाठी.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 27 सप्टेंबर 2020 च्या जागतिक स्थलांतरित व निर्वासित दिनाचा संदेश नेमका स्वदेशातच विस्थापित झालेल्यांना वाहिला होता. इजिप्तला पळून जावे लागलेल्या पवित्र कुटुंबाचे स्मरण त्यांनी त्यात करून दिले. सीमा न ओलांडताही माणूस निर्वासित होऊ शकतो, हे चिंचपाड्याच्या वृद्ध ग्रामस्थाला वेगळे सांगावयास नको.

आपली प्रार्थनामंदिरे 16 नोव्हेंबर 2020 रोजी पुन्हा उघडली, दुसऱ्या लाटेत बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 पासून पुनश्च खुली झाली. मधल्या काळात पडद्यावरील मिस्साबलिदानात आखातातील व जहाजावरील आपले आप्तही सहभागी झाले. ही सोय टिकवावी. पण तेवढ्यावर थांबू नये. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने आपल्या विभागातील वृद्धांची, नवागतांची व भाडेकरूंची नोंद ठेवावी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. युवकांनी महिन्यातून एका वृद्धाच्या घरी जाऊन त्याच्या मूळ गावाची हकिकत भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावी. ज्यांना पडदा जमत नाही त्यांना दूरध्वनी करणारे एक तरी माणूस ठरलेले असावे.

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी 5 मे 2023 रोजी संपल्याचे जाहीर केले. पुढचे संकट कोणते व केव्हा येईल हे कोणास सांगता येणार नाही. ते येईल तेव्हा शेजारच्या दारावरील नाव आपल्याला ठाऊक असावे, एवढी तयारी मात्र आजपासूनच करता येईल.