खुर्ची फिरते, तिजोरीची किल्ली फिरत नाही!

महापौरपदाची सोडत मंत्रालयात निघते तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्प एकपासून कॅम्प पाचपर्यंत एकच प्रश्न असतो, 'या वेळी कोणाला सुटले?' अनुसूचित जातीला सुटले तर आपल्या वस्तीत निळा गुलाल उडतो. अडीच वर्षांनी खुर्ची पुढे सरकते आणि वस्तीतला नळ, गटार, सफाई कामगाराचा पगार जिथल्या तिथे राहतो. असे का होते, याचा विचार आंबेडकरी जनतेने कधीतरी करायलाच हवा.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पालिकांत राखीव जागा आल्या, अध्यक्षपदेही चक्रानुक्रमाने फिरू लागली. हा विजय छोटा नाही. पण महापालिकेचा कायदा नीट वाचा. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. मोठी कंत्राटे आणि अंदाजपत्रक १६ जणांच्या स्थायी समितीपुढे जाते. महापौर सभा चालवतात, मानपत्रे देतात. आरक्षण महापौरपदाला आहे. स्थायी समितीला नाही, तिच्या सभापतिपदालाही नाही. जिथे मान आहे तिथे आम्हाला पाळी मिळाली. जिथे पैसा आहे तिथे पाळीच नाही!

शेजारच्या अंबरनाथ आणि बदलापूरमध्ये नगरपालिका आहेत. तिथला नगराध्यक्ष स्वतःच स्थायी समितीचा सभापती असतो. म्हणजे तिथल्या राखीव अध्यक्षपदाला काही अर्थ आहे. पण पाणी, बांधकाम, आरोग्य या विषय समित्यांचे सभापती कोण, हे तिथेही बहुमतवाल्यांची बैठकच ठरवते.

सत्ता नेमकी कुठे असते, हे मधल्या काळाने उघडे पाडले. अंबरनाथ आणि बदलापूर पालिकांची मुदत २०२० मध्ये संपली, उल्हासनगर महापालिकेची २०२२ मध्ये. पुढच्या निवडणुका व्हायला डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ उजाडले. तोवर प्रशासकांचे राज्य होते. महापौर नाही, नगरसेवक नाही, आरक्षणही नाही. तरी निविदा निघत होत्या, बिले निघत होती. खुर्च्या रिकाम्या असतानाही तिजोरी चालू होती, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

बाबासाहेबांनी हे १९४७ सालीच ओळखले होते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी विधिमंडळातल्या जागांवर समाधान मानले नाही. मंत्रिमंडळातही वाटा मागितला. एवढेच नव्हे, तर मंत्रिमंडळातले अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्या सभासदांनीच निवडावेत, अशी योजना मांडली. कारण बहुमतवाल्याने निवडलेला आपला माणूस बहुमतवाल्याचाच ऐकणार, हे पुणे कराराने त्यांना दाखवून दिले होते. अंबरनाथ विधानसभा मतदारसंघ २००९ पासून राखीव आहे. तिथला आमदार आमच्यातला असतो, पण तो कोणाच्या तिकिटावर आणि कोणाच्या आदेशावर चालतो, हे सांगायला हवे का?

काही जण म्हणतील, समित्यांतही आरक्षण आणले तर पालिकेत जातीपातीचे गट पडतील. गट आज नाहीत काय? फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांनी कष्टाने वसवलेल्या या शहरात सिंधी, मराठी, उत्तर भारतीय, बौद्ध असा हिशेब करूनच तिकिटे वाटली जातात. आणि प्रमाणाचे तत्त्व कायद्याला परके नाही. समित्यांतल्या जागा पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणातच वाटल्या जातात. पक्षाचे प्रमाण चालते, मग समाजाचे का चालत नाही?

जगात हे झाले आहे. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात तीस वर्षे रक्त सांडले. १९९८ च्या करारानंतर तिथे प्रथम मंत्री आणि उपप्रथम मंत्री यांना समान अधिकार मिळाले. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जाते. ती व्यवस्था अनेकदा अडली, २०२२ ते २०२४ अशी दोन वर्षे बंदही पडली. पण कार्यकारी सत्ता एकट्या बहुसंख्याकांच्या हाती पुन्हा गेली नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. स्थायी समितीत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्या. त्या जागांवर कोण बसणार, हे त्या समाजाच्या नगरसेवकांनाच ठरवू द्या. सभापतिपदही चक्रानुक्रमात आणा. हा कायदा करणे राज्याच्या हातात आहे.

तो होईपर्यंतही आपण हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. उल्हासनगरच्या ७८ जणांच्या सभागृहात जानेवारी २०२६ मध्ये एकाही पक्षाला स्वबळावर ४० चा आकडा गाठता आला नाही. अशा सभागृहात दोन-चार नगरसेवकांचेही वजन पडते. ते वजन उपमहापौरपदाच्या गाडीसाठी विकायचे, की स्थायी समितीतल्या जागेसाठी लेखी अटीवर लावायचे? आपल्या नगरसेवकाला हा प्रश्न वस्तीच्या सभेत उभे राहून विचारा.

शासनकर्ती जमात व्हायचे तर खुर्चीचा फोटो पुरत नाही. किल्ली कोणाच्या कमरेला आहे, ते पाहावे लागते.