सिनेमातला अँथनी ठाऊक, जालन्याचे नारायण शेषाद्री नाहीत

मराठी माणसाला ख्रिस्ती माणूस डोळ्यांसमोर आणायला सांगा. बहुतेकांना वांद्र्यातला कुणी डिसोझा नाहीतर फर्नांडिस दिसेल. त्याचे हिंदी मोडके, हातात ग्लास आणि गळ्यात क्रूस. हे चित्र आपण कुणा शेजाऱ्याकडे पाहून काढलेले नाही, ते हिंदी सिनेमाने आयते दिले. १९७३च्या ‘बॉबी’तले जॅक ब्रॅगान्झा असोत, १९७५च्या ‘ज्युली’तले वडील असोत की १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तला दारूचा अड्डा चालवणारा अँथनी, कथा तीन आणि बाटली एकच. पात्रे गोड आहेत, प्रेमळ आहेत, त्यांच्यावर राग धरण्याचे कारण नाही. पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती माणसाचा त्यांच्याशी संबंध किती? जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यामध्ये वसलेल्या बदनापूरचेच पाहा. या पट्ट्यातला ख्रिस्ती माणूस गायकवाड, साळवे, भालेराव, शिंदे अशा आडनावाचा असतो. तो घरी मराठवाडी बोली बोलतो, मोसंबीच्या बागेत नाहीतर एमआयडीसीत राबतो आणि रविवारी उपासनेला जातो. गावाकडच्या उपासनेत चपला दाराबाहेर निघतात, सतरंजीवर एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या बाया बसतात, पेटी आणि ढोलकी लागते, टाळ निघतात आणि येशूवरचे भजन सुरू होते. डोळे मिटून ऐकणाऱ्याला हे विठ्ठलमंदिर की चर्च, हे येशूचे नाव कानावर पडेपर्यंत कळायचे नाही.

या माणसाचा इतिहास जालन्याच्या दारातच आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण गृहस्थ १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या हवाली केले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून जो वाद पेटला, त्यात ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. थोरले नारायण पुढे फ्री चर्चचे मिशनरी म्हणून जालन्यात आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कारभारात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. तिथे वस्ती करणारे बहुतांश मांग आणि महार होते. १८७३ साली न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत हेच शेषाद्री डोक्याला पागोटे बांधून बोलायला उभे राहिले होते. ब्राह्मण धर्मोपदेशक, दलित मंडळी आणि मुसलमान राजवटीने दिलेली जमीन: याहून महाराष्ट्रीय गोष्ट शोधून सापडणार नाही. तरी जालना जिल्ह्यात किती जणांना ती सांगता येईल?

माझे म्हणणे असे, की आपण मराठी ख्रिस्ती माणसाला दोन्हीकडून पुसले आहे. एकीकडे सिनेमातला परका नमुना खरा मानला. दुसरीकडे जे अस्सल मराठी ख्रिस्ती आपल्याला नाकारता आले नाहीत, त्यांच्यातली श्रद्धा तेवढी काढून घेतली आणि उरलेला माणूस आपला म्हटला. ही दुसरी गोष्ट जास्त चलाख आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, त्यात सुमारे ११ हजार ओव्या आहेत. त्यांतल्या मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या मोजक्या ओव्या आपण दर मराठी भाषा दिनाला घोकतो, आणि बाकीच्या ओव्यांत तो कवी कुणाची कथा सांगतो याची चौकशी करत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्यानंतर त्यांनी येशूवर अभंग आणि भजने रचली, ‘ख्रिस्तायन’ हे काव्य हाती घेतले. ते अपुरे राहिले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. पण शाळेत शिकलेल्या पिढ्यांना टिळक माहीत आहेत ते ‘फुला-मुलांचे कवी’ म्हणून. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ आपण मराठी आत्मचरित्रांत मानाने वरच्या पाटावर बसवले, विजया मेहतांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपटही केला. मात्र वाचकाला आठवतो तो टिळकांचा विक्षिप्तपणा आणि लक्ष्मीबाईंचा मिश्कील स्वभाव. सोवळ्यात वाढलेली ही बाई नवऱ्यामागून पाच वर्षांनी, स्वतःच्या विचाराने बाप्तिस्म्यापर्यंत कशी पोहोचली, हा पुस्तकाचा कणा चर्चेत येत नाही. पंडिता रमाबाई स्त्रीशिक्षणाच्या धड्यात असतात, पण आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली, ही ओळ धड्याबाहेर राहते.

यावर कुणी म्हणेल, त्यात बिघडले काय? पाठ्यपुस्तकाने साहित्य शिकवावे, धर्म शिकवू नये. ही भूमिका सगळ्यांना सारखी लावली असती तर मी मान्य केली असती. तुकोबा विठ्ठलावाचून आपण शिकवतो का? ज्ञानेश्वरीतून कृष्ण वगळून भाषासौंदर्य तेवढे वेचतो का? तिथे भक्ती हाच साहित्याचा प्राण, असे आपणच ठासून सांगतो. मग टिळकांच्या बाबतीत भक्ती ही साहित्याला चिकटलेली अडचण कशी ठरते? तुकोबांचा छंद आणि सूर घेऊन त्यांनी येशूला आळवले, आणि आपण वारकऱ्यांच्या परंपरेतूनच ख्रिस्ताकडे आलो असे ते मानत. हे विधान कुणाला पटेल, कुणाला खुपेल. पण वाद घालायलाही ते आधी समोर यायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. हा धर्म इंग्रजांच्या तोफेमागून आला, दुष्काळात धान्य वाटून लोक बाटवले, असे म्हटले जाते. मिशनऱ्यांची बाजू घेण्याची मला गरज वाटत नाही. त्यांच्यातल्या अनेकांनी इथल्या दैवतांविषयी जे लिहिले ते उद्धट होते, आणि धर्मांतराने घरे फुटली, याला शेषाद्रींचे घरच साक्ष आहे. पण मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे दलितांची गळचेपी करायला साहेब आला नव्हता, ते काम गावगाडा पिढ्यान् पिढ्या करत आला होता. ज्या माणसाला गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्याने भाकरीबरोबर मान मिळेल तिकडे पाऊल टाकले, तर ते पाऊल खोटे का मानायचे? बरे, पणजोबा पोटासाठी गेले असे क्षणभर धरू. पाचव्या पिढीचा पणतू आज कुठलेही धान्य मिळत नसताना उपवासकाळ पाळतो, त्याचे काय? उलट त्याला सोसावेच लागते. १९५०च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. बदनापूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे इथल्या दलित माणसाने उघडपणे ख्रिस्ती म्हणून नोंद केली, तर ज्या जागेसाठी तो मत देतो त्या जागेवर उभे राहण्याचा हक्क तो गमावतो.

त्यामुळे अनेक घरांत कागद एक सांगतो आणि देवघरातली तसबीर दुसरे. २०११च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती ०.९६ टक्के, जेमतेम पावणेअकरा लाखांच्या आसपास. एवढ्याशा लोकांसाठी कशाला लेख, असे विचारणाऱ्याने हा आकडा कागदावरचा आहे हे ध्यानात घ्यावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडू-पुदुच्चेरीकडच्या एका प्रकरणात, ख्रिस्ती श्रद्धा पाळत केवळ सवलतीसाठी हिंदू म्हणवणे ही संविधानाशी केलेली फसवणूक आहे, असे ठरवले. कायद्याच्या चौकटीत तो निकाल समजण्यासारखा आहे. मात्र चौकटच माणसाला दोन नावांनी जगायला लावते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. आणि सिनेमातला परका अँथनी डोक्यात पक्का असल्यामुळे पदर घेऊन भजन म्हणणारी बाई आपल्याला खरी ख्रिस्ती वाटतच नाही. ती एक तर फसलेली किंवा फसवणारी ठरते. धर्मांतरावरच्या प्रत्येक वादात हा संशय आधीच येऊन बसलेला असतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळवलेले मराठी लेखक. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा विरोध झाला तो त्यांच्या पुस्तकांना नाही, अंगावरच्या झग्याला.

दोष ख्रिस्ती मंडळींकडेही जातो, हे सांगायला हवे. शहरी चर्चमध्ये टिळकांची पदे मागे पडून गिटारवर हिंदी-इंग्रजी गाणी आली, भिंतीवरचा येशू अजून निळ्या डोळ्यांचा आहे आणि स्वतःचा इतिहास मराठीत सांगण्याचा उत्साह थोडक्याच लेखकांनी दाखवला. १८४२ साली निघालेले ‘ज्ञानोदय’ हे मराठीतले सर्वांत दीर्घायुषी नियतकालिक, पण ते चर्चच्या कुंपणाबाहेर कुणाला दिसत नाही. तरी लोकांनी आपली वाट काढलीच. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते, मराठवाड्यातूनही भाविक येतात, नवस बोलतात आणि फेडतात, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही असतात. तेलुगूतून हिंदीत आलेला ‘दयासागर’ हा येशूपट देशभर गावोगावी पडदा बांधून दाखवला गेला. लोकसंस्कृती म्हणतात ती हीच, आणि तिला कुणाच्या प्रमाणपत्राची वाट पाहावी लागली नाही.

प्रमाणपत्र द्यायचे राहिले आहे ते आपल्या संस्थांनी. बालभारतीने टिळकांचा १८९५नंतरचा एक अभंग आठवी ते दहावीच्या एखाद्या पुस्तकात घ्यावा आणि त्याखाली कवीची श्रद्धा आडपडदा न ठेवता लिहावी. जालन्याच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी बेथेलची कागदपत्रे आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी हाती आहेत तोवर नोंदवून घ्याव्यात. याला नवा कायदा लागत नाही की मोठा निधी.