बटाट्याचा उतारा आणि कलम १२८



गेले दोन महिने आमच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी पाच वाजता इंग्रजीचा उतारा असतो. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची म्हणून मी त्या वेळी पोळ्यांना लागलेली असते, आणि आमची नात ओट्याशेजारी स्टूल टाकून मोठ्यानं वाचते. तिला बारावीनंतर दिल्ली विद्यापीठात बी.कॉम. ऑनर्सला जायचंय. तिथं २०२२ पासून बारावीच्या गुणांवर प्रवेश नाही, सीयूईटी नावाची परीक्षा द्यावी लागते. अकौंट्स, गणित यांची तिला काळजी नाही. घाबरते ती इंग्रजीला, आणि त्यातही उताऱ्यांना.

मी आधी हसले. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलगी, दिवसभर मोबाईलवर इंग्रजीच वाचते, तिला उताऱ्याची कसली भीती? आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, एबीसीडीपासून. तरी आम्ही कॉलेजात निभावलं. पण तिचा सराव पेपर बघितला आणि हसू गेलं. ६० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि त्याच ७२ सेकंदांत उतारा वाचायचाही वेळ आला. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. म्हणजे येण्यासारखं उत्तर चुकवलं की सहाचा फटका. हिशेब करायची सवय काही सुटत नाही.

तिच्या क्लासमध्ये एक युक्ती शिकवली होती. उतारा वाचायचाच नाही. आधी प्रश्न वाचायचे, प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात शोधायचा, तो सापडला की त्याच्या मागचं-पुढचं वाक्य बघायचं आणि पर्याय टिकवायचा. माझं मत स्पष्ट सांगते, ही युक्ती म्हणजे भाजीत मीठ किती हे न चाखता रंगावरून सांगण्यासारखं आहे. एखाद्या वेळी जमेल. रोज नाही.

आणि दोष एकट्या क्लासचा नाही. शाळेपासून आपण मुलांना हेच शिकवत आलो. उताऱ्याखाली प्रश्न असतो, 'राम कुठं गेला?' उताऱ्यात 'राम बाजारात गेला' असं वाक्य असतं. मूल ते उतरवून काढतं, बाई बरोबरची खूण करतात. 'राम'च्या जागी कुठलाही निरर्थक शब्द घातला तरी मूल बरोबर उत्तर लिहील. त्याला काही कळलं, असं त्यातून सिद्ध होत नाही. शब्द जुळवणं आणि अर्थ लावणं यात फरक आहे. तो फरक दहावीपर्यंत कुणाला दिसत नाही, कारण गुण मिळत असतात.

आम्हाला तो दिसला बटाट्यामुळे.

एका सरावाच्या उताऱ्यात बटाट्याचा इतिहास होता. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं हे पीक युरोपात गेलं, थोड्या जमिनीत पुष्कळ पोटं भरू लागली. आयर्लंडमधले गरीब लोक तर जवळजवळ त्याच्यावरच जगत होते, तेही 'लंपर' नावाच्या एकाच वाणावर. १८४५ मध्ये त्यावर करपा पडला, पुढची काही वर्षं पिकं गेली आणि सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि रोगानं मेली. शेवटी प्रश्न होता की, लेखकाचं मत काय? चार पर्यायांपैकी एक होता, 'बटाटा हे मानवासाठी घातक पीक आहे'. आमच्या नातीनं बेधडक तो निवडला.

बरोबर उत्तर होतं, 'एकाच वाणावर सगळी भिस्त ठेवणं धोक्याचं आहे'.

मी विचारलं, "का गं, घातक कुठून काढलंस?" ती म्हणाली, "आज्जी, एवढी माणसं मेली की! आणि आपल्याकडे तर बटाटा आणतच नाहीत." मग तिलाच हसू आलं. आमच्याकडे कंदमुळं वर्ज्य, त्यामुळे बटाट्याबद्दलचं तिचं मत उतारा वाचायच्या आधीच तयार होतं. लेखकानं अर्धा उतारा बटाट्याची स्तुती केली होती, ती तिला दिसलीच नाही.

मला वाटतं, उताऱ्यात मुलं चुकतात त्याचं मोठं कारण हे आहे. शब्द अडतात म्हणून कमी, आणि आपलं मत मधे येतं म्हणून जास्त. जगात खरं आहे, पण उताऱ्यात नाही, असा एक पर्याय पेपर काढणारे हमखास ठेवतात. दुसरा असतो तो ताणलेला. उताऱ्यात 'काही वेळा' असतं, पर्यायात 'नेहमी' होतं. उताऱ्यात 'बऱ्याच जणांना', पर्यायात 'सर्वांना'. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

लेखक आपल्याला पटो न पटो, तो काय म्हणतोय हे आधी नीट ऐकून घ्यायचं, ही गोष्ट आपल्याला नवी नसायला हवी. अनेकांतावर आपण पर्युषणात प्रवचनं ऐकतो. समोरच्याची बाजू त्याच्या जागेवरून बघायची, म्हणून माना डोलावतो. घरी येऊन सुनेचं वाक्य पुरतं ऐकायच्या आधी उत्तर देतो. (मी माझंच सांगतेय, कुणी अंगाला लावून घेऊ नये.)

त्या रात्री मला तत्त्वार्थसूत्रातले स्वाध्यायाचे पाच प्रकार आठवले. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. लहानपणी पाठशाळेत आम्ही ते पाढ्यासारखे म्हणायचो. वाचायचं, शंका विचारायची, मनात घोळवायचं, शुद्ध उच्चारानं पुन्हा पुन्हा म्हणायचं, आणि मग दुसऱ्याला सांगायचं. यातलं वाचन हे पाचातलं एक. आपण मात्र तिथंच थांबतो. स्वाध्यायाला तपात धरलंय, तेही आतल्या तपात, उपवासासारख्या बाहेरच्या तपात नाही. धर्मग्रंथ आणि परीक्षेचा उतारा एका पंक्तीला बसवतेय असं समजू नका. पण वाचायची रीत कुणी इतकी बारकाईनं सांगून ठेवलेली असताना ती घरातल्या मुलीच्या उपयोगी पडली तर बिघडलं कुठं?

म्हणून आम्ही क्लासची युक्ती बाजूला ठेवली. आता ती उतारा एकदा मोठ्यानं वाचते. मग कागद पालथा ठेवून मला मराठीत सांगते, दोन-तीन वाक्यांत. मी पोळी लाटता लाटता विचारते, "म्हणजे काय?" एवढाच माझा प्रश्न. पहिले पंधरा दिवस ती वैतागली. इंग्रजी वाक्य तिला समजल्यासारखं वाटायचं, पण मराठीत सांगायला गेली की मधेच अडायची. जिथं अडायची तिथंच समज कच्ची असायची. तिची आई म्हणते, "इंग्रजीच्या परीक्षेला मराठी कशाला?" मी म्हणते, भाषांतर करायचं नाहीये, अर्थ हातात आलाय का ते तपासायचंय. वजन करायला दुसरा तराजू घेतला म्हणून माल बदलत नाही.

छोट्या शब्दांनी मात्र आम्हा दोघींना फार छळलं. मोठे अवघड शब्द संदर्भानं लागतात. घात करतात ते 'बट', 'ऑल्दो', 'अनलेस', 'हाउएव्हर'. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यात एका 'अ'चा फरक. पहिल्यात 'फारसे नाहीतच', दुसऱ्यात 'थोडे तरी आहेत'. 'हार्डली'चा अर्थ मी कित्येक वर्षं 'कष्टानं' असाच धरून होते. 'तो हार्डली काम करतो' म्हणजे तो जेमतेमच काम करतो, हे मला साठीनंतर नातीकडून कळलं. एखाद्याचं कौतुक समजून मी आजवर काय काय वाचलं असेल, कोण जाणे! आता असा शब्द आला की ती पेन्सिलीनं गोल करते. वाक्य वळण घेतं ते अशा शब्दापाशी, आणि प्रश्नही बहुधा त्या वळणावरचा असतो.

आता मी या सगळ्यात एवढी का गुंतले, ते सांगते. ही गोष्ट मी घराबाहेर फारशी बोललेले नाही.

मी बी.कॉम. आहे. दुसऱ्या वर्षाला आम्हाला मर्कंटाईल लॉ होता. १८७२ चा करार कायदा, इंग्रजीतून. मी कलमंच्या कलमं पाठ केली होती. कलम १२८, जामीनदाराची जबाबदारी ही मूळ कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. त्यातला 'को-एक्स्टेन्सिव्ह' हा शब्द मी स्पेलिंगसकट घोकला होता. तो प्रश्न आला, मी जसंच्या तसं लिहिलं, पेपरात ६२ गुण पडले. घरी पेढे वाटले.

लग्नानंतर पंधराएक वर्षांनी यांच्या नात्यातल्या एकांनी धंद्यासाठी बँकेचं कर्ज काढलं. माझ्या नावावर माहेरचा एक छोटा प्लॉट होता, म्हणून जामीन मी राहावं असं ठरलं. ठरलं म्हणजे इतरांनी ठरवलं. बँकेत टेबलावर इंग्रजी कागद आले, दाट छापलेले. "वहिनी, नुसती फॉर्मॅलिटी आहे," असं कुणीतरी म्हणालं. मी कागद चाळले, जिथं फुली होती तिथं सह्या केल्या. दोन मिनिटं लागली असतील. बाहेर पडून आम्ही उसाचा रस प्यायलो, तेवढं आठवतं.

दोन वर्षांनी हप्ते थांबले आणि नोटीस माझ्या नावानं आली. मी म्हटलं, आधी त्यांच्याकडून वसूल करा, ते देत नसतील तर मग माझ्याकडे या. बँकेतल्या साहेबांनी शांतपणे मी सह्या केलेला कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं तोच शब्द होता. को-एक्स्टेन्सिव्ह. बँकेनं आधी कर्जदाराच्या मागे लागावं, असा हट्ट जामीनदाराला धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे १९६८ मध्येच सांगून ठेवलंय, माझी परीक्षा व्हायच्या कितीतरी आधी.

बँकेचं काही चुकलं नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं. मला तो शब्द माहीत होता, त्याचे गुणही मिळाले होते. फक्त तो माझ्याबद्दल आहे हे मला कळलं नव्हतं. प्लॉट वाचला, पण पाटल्या गेल्या, आणि यांनी दोन वर्षं सुट्टीच्या दिवशीही एका दुकानाचे हिशेब लिहिले. ते मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून मला ते 'युक्त्यां'चं कौतुक सोसत नाही. परीक्षेचा उतारा दिसायला बटाट्याचा, चिमण्यांचा, नाहीतर कुठल्या दीपगृहाचा असतो. पण पुढं हीच मुलगी भाडेकरार वाचणार, विम्याचे कागद वाचणार, नोकरीचं पत्र वाचणार. तिथं चार पर्याय खाली छापलेले नसतात, आणि चुकलं तर एकच गुण वजा होत नाही.

सूनबाईंचं म्हणणंही मला मान्य आहे, ते लपवत नाही. परीक्षेत कुणी मोठ्यानं वाचू देणार नाही, आणि 'म्हणजे काय' विचारायला आज्जी शेजारी बसणार नाही. वेळ लावून सराव करायलाच हवा. म्हणून शेवटचे तीन आठवडे घड्याळ लावायचं ठरलंय, रविवारी पूर्ण पेपर, संगणकावर, कारण परीक्षा संगणकावरच असते. वेग वाढतोय का? थोडा. पहिल्या सरावात उताऱ्यांचे निम्मे प्रश्न चुकले होते, आता चार-पाचांत एखादा चुकतो. दिल्लीला नंबर लागेल का, ते मी सांगू शकत नाही. तिथं देशभरातून मुलं येतात.

वाचनाची सवय मात्र दोन महिन्यांत लागत नाही, हेही खरं. तुमच्या घरी आठवी-नववीतलं कुणी असेल तर आतापासून रोज एक छापील पान वाचायला लावा. मराठी चालेल, हिंदी चालेल, इंग्रजी तर उत्तमच. गोष्टीच हव्यात असं नाही, वर्तमानपत्रातला अग्रलेख घ्या, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी घ्या. वाचून झालं की विचारा, म्हणजे काय? आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. हे गप्प बसणं मला अजून नीट जमत नाही.

कालचा उतारा एका जुन्या गिरणीगावाबद्दल होता. लेखकाचा सूर कसा आहे, असा शेवटचा प्रश्न. नात म्हणाली, टीकेचा. मी म्हटलं, नाही गं, हळहळीचा आहे, शेवटचा परिच्छेद पुन्हा वाच. तिनं वाचला, तरी ऐकेना. मीही ऐकेना. उत्तरपत्रिकेत तिसराच पर्याय बरोबर दिलाय, आणि तो आम्हा दोघींनाही पटलेला नाही. वादात तव्यावरची पोळी करपली, ती मी खाल्ली. आज पुन्हा तोच उतारा घेऊन बसणार आहोत.